अकरावा महिना आणि घरमालकाचा हिशेब

आपल्या समाजातील अनेक व्यापारी व नोकरदार कुटुंबांनी गेल्या तीस-चाळीस वर्षांत मुंबईच्या उपनगरांत एखादी जादा सदनिका घेऊन ठेवली आहे. कुणी आखातातील कमाईतून अंधेरीला घेतली, कुणी वडिलोपार्जित दुकान विकून घाटकोपरला, कुणी मुलीच्या नावाने बोरिवलीत किंवा मुलुंडला. ही सदनिका भाड्याने दिली जाते आणि त्या भाड्यावर कुणाचे घर चालते, तर कुणाच्या मुलांचे शिक्षण होते. धंदा म्हणून मात्र तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. दुकानातील एक ताका दोन मीटर कमी भरला तर आम्ही व्यापारी मंडळी रात्रभर हिशेब करतो. तेच घर महिनाभर कुलूपबंद राहिले तर "चालायचेच" म्हणून सोडून देतो. वाचकांपुढे हाच हिशेब मांडण्याचा आमचा इरादा आहे.

मुद्दा अकराव्या महिन्याचा आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार संपत आला की मालक फोन करतो, भाडे इतके वाढेल म्हणून सांगतो आणि पटत नसेल तर घर खाली करा म्हणतो. भाडेकरू आठ दिवस विचार करतो, शेजारच्या दलालाला विचारतो आणि पुष्कळदा निघून जातो. जाताना तो सांगत नाही की दोन वर्षे मोरीचा नळ गळत होता, खिडकी लागत नव्हती आणि पावसाळ्यात भिंतीला ओल येत होती. मालकाची समजूत अशी होते की माणूस पाचशे रुपयांसाठी गेला.

आता आकडे पाहू. हे नमुन्याचे आहेत, ज्याने त्याने आपले घालून पाहावेत. घराचे भाडे 30,000 रुपये धरा. भाडेकरू गेला आणि नवा मिळेपर्यंत एक महिना घर रिकामे राहिले, तर 30,000 गेले. मुंबईच्या रिवाजाप्रमाणे दलाल एका महिन्याचे भाडे दलाली म्हणून घेतो, ते आणखी 30,000. रंग, साफसफाई आणि किरकोळ दुरुस्तीचे 20,000 धरा. एकूण 80,000 झाले. रिकाम्या महिन्यातही सोसायटीचे मेंटेनन्स भरावेच लागते, ते आम्ही यात धरलेले नाही. नव्या भाडेकरूने दोन हजार जास्त दिले असे समजले तरी ते 80,000 भरून यायला 40 महिने लागतात. आणि तो 40 महिने राहीलच, याची हमी कोण देणार?

याउलट जुना भाडेकरू ठेवला, त्याला पटेल असे 25,000 रुपयांचे काम घरात करून दिले आणि भाडे एक हजाराने वाढवले, तर अकरा महिन्यांत 11,000 परत येतात. उरलेले 14,000 हा खरा खर्च. त्याबदली नळ, खिडकी, ओटा जे काही केले ते मालकाच्याच घरात राहते आणि पुढची काही वर्षे कामाला येते. कापडाच्या धंद्यातला कुणीही हा सौदा डोळे मिटून करील. मूळजी जेठा मार्केटमध्ये परगावचा व्यापारी दर हंगामाला आमच्याच गाळ्यावर यावा म्हणून आम्ही त्याचा खोटीचा माल बदलून देतो आणि पॅकिंग चांगले करतो. नवे गिऱ्हाईक शोधणे किती महाग पडते, हे आम्हाला ठाऊक असते. घराच्या बाबतीत तीच अक्कल आपण पेटीत बंद करून ठेवतो.

भीती आली कोठून?

याला इतिहास आहे. 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा 1948 मध्ये लागू झाला आणि शहरातील पुष्कळशा जुन्या घरांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली गेली. पुढे पन्नास वर्षे सिमेंट, चुना, मजुरी सर्व वाढत गेले, पण भाडे जागच्या जागी राहिले. मालकाने दुरुस्ती थांबवली. घर आपल्या मालकीचे नाही म्हणून भाडेकरूनेही हात लावला नाही. डोंगरी, भेंडीबाजार, गिरगाव येथील चाळी व इमारती टेकूंवर उभ्या राहिल्या. 1969 मध्ये सरकारला इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा करावा लागला आणि उपकर लावून ही कामे हाती घ्यावी लागली. शेवटी 1997 च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात म्हटले की भाडी अशी गोठवून ठेवणे आता अवाजवी झाले आहे.

उपनगरांतील मालकांच्या मनात दुसरीही एक तारीख बसली आहे. 1973 च्या दुरुस्तीने असे ठरले की 1 फेब्रुवारी 1973 रोजी जो लायसन्सवर जागेत राहत होता तो संरक्षित भाडेकरू झाला. ज्यांनी घरे "तात्पुरती" दिली होती त्यांची घरे कायमची गेली. आमच्या वडिलांच्या पिढीने हे पाहिले आणि मुलांना सांगून ठेवले की भाडेकरूला घरात मुरू देऊ नका, दरसाल बदला, त्याच्यासाठी घरात काही करू नका, नाहीतर हक्क सांगेल.

ते भय आज निराधार आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्याच्या कलम 24 प्रमाणे लायसन्सची मुदत संपली की जागा परत मिळवण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते. मुदतीनंतरही जो जागा सोडत नाही त्याला भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. घरात नवा ओटा बांधून दिला म्हणून कुणी मालक होत नाही. अट एकच की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल तर करारातील अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आमचे काही बांधव अजूनही साध्या स्टँप पेपरवर सह्या घेऊन निश्चिंत बसतात. हजार-दोन हजार रुपये वाचवायला लाखांचे घर ते टांगणीला लावतात.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. करार अकराच महिन्यांचा का? एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून ती टाळायला अकरा महिन्यांची वाट काढली गेली. आता अकरा महिन्यांच्या करारालाही नोंदणी लागतेच, तेव्हा ते कारण उरलेले नाही. लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क 60 महिन्यांपर्यंत 0.25 टक्के या एकाच दराने बसते. ते एकूण भाडे आणि अनामत रकमेवरील वार्षिक 10 टक्के मानीव व्याज यांच्या बेरजेवर काढतात. मग चांगला भाडेकरू असेल तर 22 किंवा 33 महिन्यांचा करार का करू नये? दरवर्षी वाढ किती, हे आधीच लिहून ठेवता येते. घरात काही काम करून देण्याचा खरा मोबदला इथेच मिळतो. "स्वयंपाकघर नीट करून देतो, तुम्ही 22 महिन्यांचा करार करा आणि पहिले बारा महिने जागा सोडणार नाही असे लिहून द्या," असे म्हटले तर समोरच्यालाही ते पटते.

काय करून द्यावे?

प्रथम एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. गळका नळ बंद करणे, तुटका संडास बदलणे, शॉक लागणारी वायर काढणे ही भेट नव्हे. ते मालकाचे काम आहे आणि त्याच्या बदल्यात भाडेवाढ मागणे आम्हाला गैर वाटते. राज्यांनी स्वीकारावा म्हणून केंद्राने 2021 मध्ये जो नमुना भाडेकरार कायदा मंजूर केला, त्याच्या परिशिष्टात ही विभागणी चांगली केली आहे. इमारतीची मूळ दुरुस्ती, भिंतींची सफेदी, दारे-खिडक्यांचा रंग, नळाचे पाइप आणि विजेचे वायरिंग मालकाकडे. नळाचा वॉशर, स्विच, खिडकीची काच, नाल्यांची सफाई, गीझरची दुरुस्ती भाडेकरूकडे. कुणावर बंधन असो वा नसो, करार लिहिताना ही यादी समोर ठेवली तर निम्मी भांडणे होत नाहीत.

सुधारणा त्यापुढची. तिथे आमचा अनुभव असा की मालकाला जे सुचते ते भाडेकरूला नको असते. मालकाला दिखाऊ काम आवडते. नव्या टाइल्स, छताला पीओपी, रंगीत दिवे. आमच्या कुटुंबाची मरोळला एक सदनिका आहे. तिथले भाडेकरू सीप्झमध्ये कामाला जातात, घरात पत्नी आणि दोन मुले. दुसरा करार संपायला तीन महिने असताना आम्ही त्यांच्याकडे गेलो आणि सरळ विचारले की या घरात काय हवे. गृहस्थ संकोचाने म्हणाले, "सगळं ठीक आहे." आतून त्यांच्या पत्नी आल्या. "काका, रंगबिंग राहू द्या. कपड्यांच्या मशीनला नळ आणि सांडपाण्याची वाट करून द्या. दोन वर्षं मी बादलीनं पाणी ओततेय." शिवाय दोन खिडक्यांना डासांची जाळी मागितली. प्लंबर दीड दिवस होता, जाळीवाला अर्धा दिवस. आम्ही मनात जो खर्च धरला होता त्याच्या पाव हिश्शात काम झाले. ते कुटुंब आता चौथ्या करारावर आहे.

म्हणून आमचे सांगणे असे की विचारावे, आणि घर चालवणाऱ्या बाईला विचारावे. उत्तरे सहसा लहान असतात. ओट्याजवळ मिक्सरसाठी आणखी एक बटण, बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅन, सामानासाठी माळा, कपडे वाळत घालायला खिडकीबाहेर मजबूत दांड्या. एसी मालकाने द्यायची गरज नाही. वेगळी वायर आणि नीट अर्थिंग असलेला एसीचा पॉइंट दिला तरी पुष्कळ, यंत्र भाडेकरू आपले आणतो. महानगर गॅसची पाइपलाइन सोसायटीत आली असेल आणि मालकाने आळसाने जोडणी घेतली नसेल, तर ती घेऊन द्यावी. सिलिंडर चार मजले चढवणाऱ्या घरात याची किंमत टाइल्सपेक्षा जास्त आहे.

पंख्याचे उदाहरण तर हिशेबी वाचकांना आवडेल. जुना पंखा साधारण 75 वॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा 30 वॉटच्या आसपास. दिवसाला 15 तास चालला तर महिन्याला एका पंख्यामागे सुमारे 20 युनिट वाचतात. वीज बिल भाडेकरू भरतो, म्हणजे पंखा मालकाचा आणि बचत भाडेकरूची. तीन पंखे बदलून दिले तर दरमहा बिलात फरक दिसतो आणि दर महिन्याला मालकाचे नाव निघते. भाड्यात तेवढीच सूट दिली असती तर दोन महिन्यांत विसरली गेली असती.

फर्निचरच्या भानगडीत मात्र पडू नये असे आमचे मत आहे. सोफा, पलंग, कपाट आज एकाला आवडते, उद्याच्याला नको असते, आणि मोडले की कुणी मोडले यावर अनामत अडकते. भिंतीला आणि पाइपाला पक्के बसते ते द्यावे. तसेच सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी पुढे गेली असतील, तर मोठे काम काढू नये. वर्ष-दोन वर्षांत जी इमारत पाडायची तिच्या फरशीवर पैसा कशाला? तिथे जाळी, पंखे, नळ एवढेच पुरे.

भिंतीच्या ओलीबाबत स्वतंत्र सांगितले पाहिजे, कारण उपनगरांत सर्वाधिक घरे याच कारणाने सुटतात. ओल गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपातून येत असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती सोसायटीने करायची असते. मालकाने सेक्रेटरीला लेखी पत्र देऊन पोच घ्यावी. ती न घेता आतून दरवर्षी रंग मारणे म्हणजे भिजलेल्या ताक्याला इस्त्री करण्यासारखे आहे. भाडेकरू हे पत्र स्वतः लिहू शकत नाही, सोसायटी त्याला सभासद मानत नाही. त्याच्या वतीने पाठपुरावा करणे ही देखील एक सुधारणाच आहे आणि तिला खर्च काहीच नाही.

"जाईल कुठे?"

काही मालक आमचे हे म्हणणे हसण्यावारी नेतात. ते म्हणतात, "कशाला खर्च करायचा? हा जाईल कुठे?" या वाक्यामागे एक कडू वस्तुस्थिती आहे. आपल्या समाजातील कुटुंबाला उपनगरांतील अनेक सोसायट्यांत घर मिळायला त्रास होतो. नाव सांगितले की दलाल फोन ठेवतो, किंवा "कमिटी ऐकत नाही" म्हणतो. एकट्या राहणाऱ्या मुलींना आणि अंधेरीत मालिका-सिनेमात काम करणाऱ्यांनाही असेच अनुभव येतात. अशा माणसाला एकदा घर मिळाले की तो तक्रार करायला भितो. आणि या भीतीचा फायदा घेणारे मालक परकेच असतात असे नाही, आपलेही असतात. ज्याला बाहेरच्यांनी दार लावले त्याच्याकडून आपल्याच माणसाने गळक्या छताचे पूर्ण भाडे घ्यावे, हे आम्हाला पाहवत नाही. व्यवहार म्हणूनही तो फार काळ टिकत नाही. 2014 च्या जूनमध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, 2022-23 मध्ये दहिसरहून अंधेरीकडे येणाऱ्या दोन मार्गिका आल्या. साकीनाक्याला कामाला जाणारा माणूस आज घाटकोपरला राहू शकतो किंवा वर्सोव्याला, आणि बोरिवलीहूनही अंधेरी पूर्व गाठू शकतो. पूर्वी तो स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरात अडकलेला होता.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही खरे आहे, ते लपवू नये. उपनगरांत जुन्या सोसायट्या पाडून नव्या बांधण्याचे काम जोरात आहे आणि तिथली कुटुंबे दोन-तीन वर्षांसाठी जवळपासच घर शोधतात. त्यांचे भाडे बिल्डर देतो, म्हणून ती जास्त देऊ शकतात. अशा वेळी जुन्या भाडेकरूला काढण्याचा मोह होतो. भाडे तीन-चार हजारांनी वाढत असेल, करार 33 महिन्यांचा होत असेल आणि घर एक दिवसही रिकामे राहत नसेल, तर वर मांडलेले गणित उलटते. पण हा हिशेब कागदावर करावा, दलालाच्या तोंडून ऐकू नये. त्याला प्रत्येक नव्या करारात दलाली असते, जुन्यात कमी किंवा नाही.

करभरण्याच्या वेळीही एक बाब लक्षात ठेवावी. घरभाड्याच्या उत्पन्नातून पालिकेचा भरलेला कर वजा केल्यावर जी रक्कम राहते तिच्या 30 टक्के सरसकट वजावट मिळते. नव्या नळाचे किंवा पंख्याचे बिल वेगळे वजा होत नाही. काही मालक यावर नाराज असतात. परंतु एक पैसा खर्च न करणाऱ्यालाही ते 30 टक्के मिळतातच. सोसायटीचे बिनभोगवटा शुल्क मात्र सोसायटी मन मानेल तसे लावू शकत नाही. 2001 च्या सरकारी आदेशाने ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत मर्यादित केले आहे. कुणाची सोसायटी जास्त घेत असेल तर तिथे वाचणाऱ्या पैशातूनच स्वयंपाकघराचा नळ येईल.

केव्हा बोलावे?

दुबईत करार पुन्हा करताना भाडे किंवा अटी बदलायच्या असतील, तर मुदत संपण्याआधी 90 दिवस कळवावे लागते. तिथे राहून आलेल्या वाचकांना हे माहीत असेल. आपल्याकडे असे बंधन नाही, पण रीत चांगली आहे. तीन महिने आधी बोलले की प्लंबर-वायरमनला वेळ मिळतो, भाडेकरूला विचार करता येतो आणि तो जाणारच असेल, बदली झाली असेल किंवा स्वतःचे घर घेतले असेल, तर मालकालाही आधी कळते. शाळकरी मुले असलेले कुटुंब वर्षाच्या मध्यात हलत नाही. त्यांचा करार एप्रिल-मेमध्ये संपेल अशी मुदत ठेवावी. ऐन पावसाळ्यात संपणारा करार दोघांनाही त्रासाचा.

काम ठरले की कबुली तोंडी ठेवू नये. काय बसवले, केव्हा बसवले, कुणाच्या खर्चाने, ते करारासोबतच्या यादीत लिहावे. भाडेकरू स्वतः काही बसवू इच्छित असेल तर लेखी परवानगी द्यावी, आणि ती वस्तू जाताना तो काढून नेणार की ठरलेली रक्कम घेऊन सोडून जाणार, तेही त्याच कागदावर नमूद करावे. मरोळच्या घरात मशीनचा नळ आमचा आणि जाळ्या आमच्या, पण बाल्कनीतील लाकडी फळी त्यांची आहे. यादीत तसे लिहिलेले आहे.